फुलांतला रोम प्रांत

१८ मे, रविवार

घरात बोलायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसलोय. माझी बायको डेल्फिना गुरुवारपासून खाली रोमला लोरेदानाकडे आहे. पाठ दुखते, खाल्लेलं पचत नाही, म्हणून तपासण्या. जाताना मला म्हणाली, "एव्हारिस्तो, रोज काहीतरी लिहीत जा. नाहीतर भिंतींशी बडबडशील आणि लोक म्हणतील, म्हातारा कामातून गेला." लेकीच्या घरी आठवडाभराची तर गोष्ट आहे. येईल आणि वाचून हसेल.

आज चर्चमधली मिस्सा सुटल्यावर नगराध्यक्ष मिरेल्लाबाईंनी मला गाठलं. या वर्षअखेरीस आपला रोम प्रांत कागदोपत्री बंद होणार. सरकार त्याला नवं नाव देणार आहे, 'महानगर' की काहीतरी. कास्तेल्सेरोसारख्या डोंगरातल्या गावात राहून आम्ही महानगरवासी होणार. इथे संध्याकाळनंतर ब्रेड मिळत नाही, पण ते असो. तर यंदाच्या ख्रिस्तदेहाच्या सणाला रस्त्यावर पसरतो तो फुलांचा गालिचा प्रांतावरच करायचा. चर्चपासून खालच्या चौकापर्यंत एकेका भागात सगळं यायचं: समुद्र, तळी, द्राक्षमळे, मेंढ्या. आणि अगदी खाली, चौकाच्या तोंडाशी, पूर्ण प्रांताचा नकाशा. तो आमच्या गल्लीकडे, म्हणजे डेल्फिनाकडे.

"आणि पाहुण्यांच्या पत्रकासाठी एक पानभर प्रांताचा परिचय तुम्ही लिहा," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर बस चालवलीत. तुमच्याइतका प्रांत कुणी पाहिलाय?"

मी म्हटलं, "मी प्रांत नाही पाहिला बाई, पुढच्या ट्रकचं मागचं फाळकं पाहिलंय."

त्यांनी ते होकार म्हणून घेतलं.

२१ मे

'रोम प्रांताच्या पश्चिमेला समुद्र आहे, पूर्वेला डोंगर आहेत आणि मध्ये रोम आहे.' एवढं लिहिलं आणि थांबलो. तिसरीतल्या मुलाने लिहावं तसं वाटलं, पण खोटं एक अक्षर नाही.

पुढे काय लिहू? चिवितावेक्कियाला जहाजं लागतात, आन्झिओला मासळी, फ्युमिचीनोला विमानं. ब्राचानो आणि नेमीची तळी म्हणजे विझलेल्या ज्वालामुखींची तोंडं. फ्रास्कातीची वाईन, तिवोलीचा दगड, आमच्या बाजूला आनिएने नदी आणि तिच्यावरचे डोंगर, जिथे मे महिन्यातही रात्री शेगडी लागते. शंभरावर गावं. आणि या शंभर गावांतून जे काही निघतं ते खाली रोमला जातं. दगड गेला, वाईन गेली, दूध गेलं. आमच्या डोंगरातलं झऱ्याचं पाणी नळांतून थेट रोमच्या कारंज्यांत जातं आणि इथे ऑगस्टमध्ये टाकीची गाडी येते. मग पोरं गेली. हे पत्रकात लिहिता येत नाही.

फोनवर डेल्फिनाला वाचून दाखवलं. म्हणाली, "तू परिचय लिहितोयस की तक्रार अर्ज?" मग लगेच फुलांवर आली. "रोम लाल कार्नेशनचं कर. छोटं ठेव. लोकांना वाटतं नकाशात रोमच मोठं असायला हवं. ताटाएवढं पुरे."

"आणि समुद्र? निळं फूल कुठे आहे आपल्याकडे?"

"लॅव्हेंडर लाव."

"ते जांभळं असतं."

"संध्याकाळी समुद्रही जांभळा असतो. क्विरीनोला तांदूळ रंगवू देऊ नकोस म्हणजे झालं. तांदूळ हे फूल नव्हे."

क्विरीनो म्हणजे आमचा शेजारी. घरांना रंग देण्यात हयात गेली, आता सणाला रस्त्यावर खडूने आकृत्या काढतो आणि चौकातला बार चालवतो. त्याचं आणि डेल्फिनाचं तांदळावरून जुनं वैर आहे.

तपासण्यांचं विचारलं तर म्हणाली, चालू आहेत.

२८ मे, बुधवार

आज बसने रोमला जाऊन आलो. लोरेदानाच्या घरून तिला हॉस्पिटलात हलवलंय, तिथे सगळं एका जागी होतं म्हणे. खोलीतल्या दिव्यांचा रंग फार वाईट आहे, तिचा चेहरा पिवळा दिसतो. डोळेसुद्धा. मी तिथल्या नर्सबाईंना म्हटलं, दिवे बदला. त्या हसल्या.

डॉक्टर भला माणूस निघाला. लोरेदानाशी बाहेर बराच वेळ बोलला, मग मला खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. पथ्यबिथ्य आता काही नाही." इतकी वर्षं हे खाऊ नको, ते खाऊ नको चाललं होतं. मी खाली जाऊन ताबडतोब डुकराच्या भाजलेल्या मांसाचा सँडविच आणला, आरिचा गावच्या पद्धतीचा. तिने एक घास घेतला, बाकीचा मला खायला लावला. रोममधल्या मानाने बरा होता.

लोरेदाना रडलेली दिसत होती. तिच्या नवऱ्याशी काही बिनसलं असावं. मी विचारलं नाही, अशा गोष्टींत बापाने पडू नये.

निघताना डेल्फिनाने माझा हात धरला. "मला सणाला घरी यायचंय. मधे काहीही सांगू देत त्यांना. तू मला घरी आण."

"अगं, त्याआधीच येशील."

"सणाला," ती म्हणाली. "कबूल कर."

कबूल केलं. परतीच्या बसमध्ये नवा ड्रायव्हर होता, वळणावर गिअर बदलायला उशीर करतो. बोललो नाही.

२ जून

क्विरीनोने चर्चच्या हॉलमध्ये कागदावर नकाशा काढला. समुद्राचा काठ झकास आला. पण कास्तेल्सेरो त्यात सापडेना. "आपण कुठे आहोत?" मी विचारलं. त्याने पेन्सिलीने डोंगरांत एक ठिपका दाखवला. "एवढ्या मापात गाव म्हणजे एक पाकळी."

"मग ती पाकळी ठेव."

"ठेवीन रे. वारा आला तर मात्र गाव उडेल."

परिचयात आज एक वाक्य चांगलं जमलं: 'या प्रांतातली माणसं जन्माला रोममध्ये येतात, मरतात रोममध्ये, आणि मधला वेळ इथे वर काढतात.' खोऱ्यातलं आमचं छोटं हॉस्पिटल बंद केल्यापासून हे असंच आहे. मग वाक्य खोडलं. पाहुणे लोक गालिचा बघायला येतात, त्यांचा मूड कशाला घालवा.

८ जून, रविवार

यंदा ऊन लवकर तापलं आणि जिनेस्त्राची पिवळी झुडपं आधीच फुलून गळायला लागली. सगळी गल्ली फुलं आणायला वरच्या उतारांवर गेली होती. मीही गेलो, गुडघे बोलत होते. पोती भरून आणली आणि घरांखालच्या तळघरात, जिथे वाईन ठेवतात, तिथे जमिनीवर पसरली. गारव्यात ती आठ-पंधरा दिवस टिकतात. बडीशेपेचा पाला डोंगरांसाठी, कॉफीचा चोथा रस्त्यांसाठी. सगळं आहे. नाही ती डेल्फिना. कोणती पाकळी सुकल्यावर काळी पडते ते तिला बघून कळतं. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं.

रोज फोनवर विचारतो. आता आवाज फार बारीक झालाय, लाइन खराब आहे बहुतेक. मला दर वाक्य दोनदा विचारावं लागतं. आज म्हणाली, "जिनेस्त्रा हलवत राहा, खालचा थर तापतो." एवढंच बोलून फोन लोरेदानाकडे दिला.

लोरेदानाला म्हटलं, "लाइन बदला तुमची."

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही परवा या. नाही, उद्याच या."

"उद्या गल्लीची बैठक आहे. आईनेच बोलवलीय."

तिने फोन ठेवला. गुरुवारी जाईन.

१२ जून

गेलो होतो. ती झोपलेलीच होती बराच वेळ. हात केवढा हलका झालाय. जागी झाली तेव्हा नकाशाबद्दल विचारलं, मी सगळं सांगितलं, आणि तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "तिवोली जरा उजवीकडे घ्या." बघितल्याशिवाय.

मला भीती वाटतेय. कशाची ते नेमकं लिहिता येत नाही.

१४ जून

आज सरकारी गाडीतून घरी पलंग आला. हॅंडल फिरवलं की डोकं वर होतं, दुसरं फिरवलं की पाय. फुकट. इतक्या वर्षांत सरकारने घरी पोचवलेली ही पहिलीच वस्तू. लोरेदाना म्हणाली, "आईच्या पाठीसाठी." सणानंतरच्या सोमवारपासून एक नर्सही रोज येणार. मी पलंग खिडकीशी लावला, तिथून चर्चचं दार आणि रस्त्याचा वरचा भाग दिसतो. आमचं घर चर्चला लागून, अगदी माथ्यावर. तिला पडल्या पडल्या मिरवणूक निघताना दिसेल.

फादर सेत्तिमियो पलंग बघायला आले. उगाचच आले. खुर्चीवर बसून राहिले आणि जाताना मला जवळ घेतलं. ते असं कुणाला करत नाहीत, त्यांचा स्वभाव कोरडा आहे. मी दार लावून घेतलं आणि त्या पलंगाचं हॅंडल फिरवत बसलो, वर, खाली, वर, खाली.

२० जून, शुक्रवार

आज तिला आणायचं होतं, रुग्णवाहिका मिळाली नाही. उद्याही नाही. रविवारी सकाळी मिळेल असं लोरेदानाने सांगितलं.

रविवारी. सणाच्या दिवशी.

बाहेरच्या माणसाला यात अडचण कळणार नाही. आमच्या गावात वर यायला गाडीचा रस्ता एकच, तोच गालिच्याचा. पहाटेपासून फुलं पसरतात, भिंतीपासून भिंतीपर्यंत. कडेला काम करणाऱ्यांसाठी पाऊल मावेल एवढी पट्टी. आणि फादर सोन्याच्या प्रभावळीतली पवित्र भाकर घेऊन त्यावरून चालत नाहीत तोवर गालिच्यावर कुणाचा बूट पडत नाही. एकदा आदेल्मोचं कुत्रं वरून खालपर्यंत पळत गेलं होतं. आदेल्मो नंतर फ्रास्कातीला राहायला गेला. मागच्या बाजूने पायऱ्या आहेत, पण त्यांवरून स्ट्रेचर म्हणजे तिला उभीच करायची, आणि तिला हलवलं तरी कळा येतात.

क्विरीनोच्या बारमध्ये फुटबॉल वर्ल्ड कपची मॅच चालू होती. कोस्टा रिका. आपण हरलो आणि कुणी धड शिवीही दिली नाही, कारण सगळे माझ्याच गोष्टीत होते. मिरेल्लाबाई म्हणाल्या, "गाडी वर जाईपर्यंत कुणी फूल टाकायचं नाही. सातपर्यंत येईलच. मग सगळे मिळून भराभर करू." कुणी कुरकुरलं नाही. क्विरीनो म्हणाला, "वाटल्यास रोम अर्धवट राहील. त्याची सवय आहे आपल्याला."

भले लोक आहेत. मला रडायला आलं, मी मॅचवर ढकललं.

२२ जून, रविवार

सात वाजून गेले. रस्ता रिकामा. पोती भिंतींना टेकवून सगळे उभे आहेत.

साडेआठ. लोरेदाना म्हणते, गाडी दुसऱ्या रुग्णाकडे वळवली, येतेच आहे. ऊन चढतंय, तळघरातून काढलेली फुलं मान टाकायला लागलीत. कुणी मला काही म्हणत नाही.

दहा. डेल्फिनाने लोरेदानाकडून क्विरीनोला फोन लावून घेतला. मला नाही, क्विरीनोला. त्याने ऐकलं, हं हं केलं, फोन ठेवला आणि टोपी काढली. "गालिचा घाला म्हणाली."

घालतायत.

२४ जून

आज सकाळी तिला पुरलं. परवाचं लिहून ठेवतो.

गाडी चारनंतर आली. गालिचा पूर्ण झाला होता आणि फार चांगला झाला होता, हे मला लिहिलंच पाहिजे, कारण तिने पहिलं तेच विचारलं असतं. गाडी चौकात थांबली. चालवणाऱ्या बाईने रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता?"

लोरेदाना आईशेजारी बसून आली होती. तिचा चेहरा बघितला आणि मला सगळं कळलं. तिचं तिच्या नवऱ्याशी काही बिनसलेलं नव्हतं.

मिरेल्लाबाई धावत आल्या. "चला, जाऊ दे गाडी. फुलं काय, पुढच्या वर्षी पुन्हा येतील." खराटे घेऊन दोघीतिघी पुढे झाल्या. फादर सेत्तिमियो वरून कडेकडेने आडवे पाय टाकत खाली आले, काळ्या झग्यात घामाघूम. म्हणाले, "मी पुढे चालतो. माझ्यामागे स्ट्रेचर येऊ द्या. देवाला काही वाटणार नाही."

गाडीचं मागचं दार उघडलं तशी ती आतूनच म्हणाली, "काय चाललंय?"

मी वाकून सांगितलं.

"नाही."

"अगं, फादर स्वतः म्हणतायत."

"फादरांना मधेच जोर चढतो. मिरवणूक किती वाजता?"

"सहाला."

"मग सहापर्यंत थांबायचं. मी काय पवित्र भाकर आहे?" आणि दम लागला म्हणून थोडी थांबून, "मला बाहेर काढा. नकाशा बघायचाय."

बारच्या छपराखाली, नकाशाच्या अगदी कडेला स्ट्रेचर ठेवलं. क्विरीनोने आतून पंखा आणला, त्याची वायर पुरेना, मग बायकांनी टोप्यांनी वारा घातला. गल्लीतल्या बायका एकेक करून भिंतीला अंग घासत खाली उतरल्या आणि तिच्या कपाळाला हात लावून गेल्या. ती प्रत्येकीला काहीतरी कामाचं सांगत होती. पेर्पेतुआला म्हणाली, वरच्या भागातल्या मेंढ्या फार गलेलठ्ठ झाल्यात म्हणे.

मग नकाशाकडे बघितलं. बराच वेळ. "रोम मोठं केलंत."

क्विरीनो म्हणाला, "कार्नेशन उरली होती, डेल्फिना."

"आणि समुद्रात तांदूळ आहे."

"थोडासाच. काठाला. फेस म्हणून."

"लबाड," ती म्हणाली, पण तिला हसू आलं होतं. तिने मला विचारलं, "परिचय लिहून झाला का?"

मी म्हटलं, पहिलंच वाक्य ठेवलं. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, मध्ये रोम.

"पुरे आहे," ती म्हणाली. "घरी गेल्यावर वाचून दाखव."

पाच वाजले असतील. कळ आली तेव्हा तिने माझं मनगट धरलं, नखं रुतली. गाडीवाल्या बाईने काहीतरी टोचलं. लोरेदाना माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, आता नेऊ या. प्लीज. सांगा त्यांना." मी बघितलं. सगळा चौक माझ्याकडे बघत होता. खराटे अजून हातांत होते. फादर गेले नव्हते. मी डेल्फिनाकडे बघितलं. तिने डोळे मिटून मान हलवली, इतकीशी, पण मला ओळखू आली. मी लोरेदानाला म्हटलं, "आईला राहू दे जरा. तासाभराचा प्रश्न आहे."

वर घंटा झाली. दारातून छत्र बाहेर आलं, त्याखाली फादर, हातात प्रभावळ. समुद्रावरून, तळ्यांवरून, द्राक्षमळ्यांवरून सावकाश येत होते. लोक त्यांच्या मागे. मी तिला सांगत होतो, आता नेमीपर्यंत आले, आता मेंढ्या. तिचा हात माझ्या हातात होता. झोपली असं वाटलं. शेजारी कुणी बोलायला लागलं तर मी ओठावर बोट ठेवून गप्प केलं. फादर नकाशाच्या कडेला आले, प्रभावळ उचलली, आणि तिच्याकडे बघून तशीच वर धरून उभे राहिले. त्यांना माझ्या आधी कळलं.

मग सहा जणांनी उचललं आणि सबंध प्रांतावरून वर नेली. तेव्हा चालायला हरकत नव्हती.

सोमवारी सकाळी ठरल्याप्रमाणे नर्स आली. तिला कुणी कळवलं नव्हतं. हातात पिशवी, हसरी मुलगी, "पेशंट कुठे आहेत?" म्हणाली. डेल्फिना त्या खिडकीशी लावलेल्या पलंगावरच होती, काळ्या कपड्यांत, पायात बूट घातलेले. मी मुलीला कॉफी करून दिली. ती बिचारी उभ्यानेच प्यायली.

आज संध्याकाळी पुन्हा मॅच होती. क्विरीनोने टीव्ही लावला नाही. शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तू नुसतं 'उचला' म्हणाला असतास ना, आम्ही फुलांवरून नेली असती."

मला माहीत आहे. गावात एकाने नाही म्हटलं नसतं. नाही फक्त ती म्हणाली, आणि मी तिचं ऐकलं. लग्न झाल्यापासून मी तिचं ऐकत आलोय, आणि त्यात माझं कधी नुकसान झालं नव्हतं.